खेळ मांडायचा, पण कशानं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेचा प्रकल्प म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्याची पवनचक्की येते, थर्मोकोलचा ज्वालामुखी येतो, नाहीतर चिकटवहीतली रंगीत चित्रं येतात. त्या यादीत आता एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ‘संगणकावर एक छोटा खेळ तयार करून आणा’ असं आठवी-नववीच्या मुलांना काही शाळांतून सांगितलं जाऊ लागलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीच्या पुढच्या टप्प्यात मुलांना कोडिंगची, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून देण्याची, ओळख व्हावी असं म्हटलं आहे. तेव्हा आज ज्या घरात हा प्रश्न आला नसेल, त्या घरात तो उद्या येईल.

प्रश्न आला की घरात धांदल उडते. वडील म्हणतात, क्लास लावू या का? काका म्हणतात, या संगणकावर काही होणार नाही, नवा घ्यावा लागेल. शेजारचा जाणता मुलगा म्हणतो, कशाला त्रास घेता, तयार प्रकल्प मिळतो, नाव बदलून द्या. सगळे सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण एक साधी गोष्ट विचारायची राहून जाते. या मुलाला किंवा मुलीला खेळातून सांगायचं काय आहे?

मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकशास्त्राशी माझा संबंध नाही. पण माझी भाची नववीत आहे, तिला असा प्रकल्प मिळाला होता, आणि तीन आठवडे मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. त्या निमित्तानं या साधनांबद्दल वाचलं, जाणकारांना विचारलं, काही हाताळून पाहिली. शिवाय कवितेमुळे एक गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. जे म्हणायचं आहे, त्याच्या मापाचं वृत्त निवडावं लागतं. दोन ओळींत मावणाऱ्या गोष्टीला खंडकाव्याचा घाट दिला, की घाटच दिसत राहतो आणि गोष्ट हरवते. खेळ तयार करण्याच्या साधनांचंही तसंच आहे.

आधी खेळ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडचा जुना मोक्षपट घ्या. परंपरा त्याचं नातं ज्ञानदेवांशी जोडते. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या शिडीनं वर चढायचं, दुर्गुणाच्या सापानं खाली घसरायचं. पटावर कुठे उपदेशाचं भाषण नाही. नियमच बोलतात. हा पट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गेला, हळूहळू त्यातला बोध गळाला आणि मुलांची सापशिडी उरली. चित्रं बदलली, नावं बदलली, पण शिडी वर नेते आणि साप खाली आणतो, हे शिल्लक राहिलं. खेळाचा जीव चित्रांच्या चकचकाटात नसतो, नियमात असतो.

संगणकाच्या खेळांचा इतिहासही हेच सांगतो. १९७२ सालचा ‘पाँग’ हा खेळ म्हणजे पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या आणि मध्ये टोलवायचा एक ठिपका. अटारी कंपनीत नव्यानं आलेल्या ॲलन अल्कॉर्न या अभियंत्याला हात बसावा म्हणून दिलेलं ते काम होतं. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी ‘टेट्रिस’ तयार केला, तेव्हा त्यांच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती. त्यांनी कंसाची चिन्हं जोडून ठोकळे दाखवले. कंसांचा तो खेळ पुढे जगभर खेळला गेला.

आता साधन निवडण्यापूर्वी विचारायचे चार प्रश्न सांगतो. कागदावर लिहून घ्यावेत असे आहेत.

पहिला : घरात यंत्र कोणतं आहे? नवा संगणक आहे, जुना आहे, की फक्त मोबाइल आहे? दुसरा : हाताशी दिवस किती? शाळा, शिकवणी, घरकाम वजा जाता रोजचा किती वेळ उरतो? तिसरा : खेळ कशाचा आहे? धावण्या-पकडण्याचा, गोष्टीचा, की प्रश्नोत्तरांचा? आणि चौथा : तयार झालेला खेळ शाळेतल्या यंत्रावर उघडेल का? घरी छान चालणारा खेळ शाळेत उघडलाच नाही, तर मुलांचे चेहरे कसे होतात ते शिक्षकांना विचारा.

या प्रश्नांची उत्तरं हातात घेऊन साधनांकडे जाऊ.

पहिलं नाव ‘स्क्रॅच’चं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं आणि २००७ साली सर्वांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे. त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक जोडायचे. ‘दहा पावलं चाल’, ‘काठाला लागलास तर उलट फीर’, ‘हे सतत करत राहा’ अशा अर्थाचे. जे ठोकळे एकमेकांत बसत नाहीत, ते जोडलेच जात नाहीत. त्यामुळे स्वल्पविराम चुकला, कंस राहिला, अशा कारणांनी खेळ अडत नाही. नियम मात्र चुकू शकतो, आणि तो चुकायलाच हवा, कारण शिकणं तिथेच असतं.

या विचाराचं मूळ जुनं आहे. सीमोर पॅपर्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पुढे त्यात एक कासव आलं. शंभर पावलं पुढे, मग काटकोनात वळ, असं चार वेळा सांगितलं की ते चौकोन काढायचं. पॅपर्ट यांचं म्हणणं असं की अशा साधनाचा उंबरा ठेंगणा हवा आणि छत उंच हवं. रेझनिक यांनी त्यात भर घातली की भिंतीही रुंद हव्यात, म्हणजे प्रत्येक मुलाला आपापल्या दिशेनं जाता येईल. घर बांधणाऱ्या गवंड्यालाही पटेल असा हा हिशोब आहे.

‘स्क्रॅच’ ब्राउझरमध्ये चालतं आणि इंटरनेट नसताना वापरायची आवृत्तीही उतरवून घेता येते. खातं उघडलं नाही तरी काम करता येतं आणि खेळाची फाइल आपल्याच संगणकावर जपून ठेवता येते. खातं उघडायचंच असेल तर पालकांनी शेजारी बसावं, आणि मुलाचं खरं नाव, शाळा, छायाचित्र तिथे देऊ नये.

दुसरं ‘जीडेव्हलप’. हेही मुक्त आणि मूळ वापरासाठी फुकट. इथे पानाचे दोन भाग असतात. डावीकडे अट, उजवीकडे कृती. ‘चेंडू भिंतीला लागला’ हे डावीकडे, ‘गुण एकानं वाढव’ हे उजवीकडे. ज्याला ‘स्क्रॅच’ बालिश वाटू लागलं आहे, पण कोड टंकायचं धाडस अजून होत नाही, अशा दहावीतल्या मुलाला ही मधली पायरी चांगली.

तिसरं ‘ट्वाइन’. हे माझ्यासारख्यांच्या आवडीचं. ख्रिस क्लिमस यांनी ते २००९ साली आणलं. यात धावपळ नाही, शब्द आहेत. गोष्टीचा एक तुकडा लिहायचा आणि वाचणाऱ्यापुढे दोन वाटा ठेवायच्या. गडावर जायचं की पायथ्याशी थांबायचं? वाट निवडली की पुढचा तुकडा येतो. दुहेरी चौकोनी कंसात शब्द लिहिला की त्याची वाट तयार होते. देवनागरीत लिहिता येतं आणि शेवटी एकच फाइल तयार होते, ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. इतिहासाचा किंवा मराठीचा प्रकल्प असेल, तर याचा जरूर विचार करावा.

चौथं ‘पायथन’ आणि त्याच्या जोडीचं ‘पायगेम’. इथे खरंखुरं कोड लिहायचं असतं. ज्याला पुढे संगणकच शिकायचा आहे आणि ज्याच्याकडे महिन्या-दोन महिन्यांचा अवधी आहे, त्याला हा मार्ग उत्तम. पण चूक झाली की संगणक इंग्रजीत ओरडतो. मराठी माध्यमातल्या मुलाला तो ओरडा समजावून देणारं कोणी जवळ असावं. पाचवं ‘गोडो’. अर्जेंटिनातल्या दोघा तंत्रज्ञांनी घडवलेलं आणि २०१४ पासून सर्वांना मोकळं असलेलं हे इंजिन. बेकेटच्या नाटकातल्या, कधीच न येणाऱ्या गोडोवरून त्याचं नाव ठेवलं आहे. आकारानं लहान, ताकदीनं मोठं. पण तीन आठवड्यांत पहिला खेळ द्यायचा असेल, तर यातल्या गोडोचीही वाट पाहत बसावं लागेल.

‘युनिटी’सारखी मोठी इंजिनं मी यादीत घेतली नाहीत. ती वाईट आहेत म्हणून नव्हे. ती काही गिगाबाइट उतरवावी लागतात, दमदार संगणक मागतात, आणि त्यांच्या खिडक्यांची ओळख होईपर्यंत प्रकल्पाची तारीख उजाडते. शिवाय कंपनीच्या साधनाचे नियम कंपनी बदलू शकते. ‘युनिटी’नं सप्टेंबर २०२३ मध्ये खेळ किती जणांनी उतरवला त्यावर शुल्क लावायचं जाहीर केलं, जगभरचे खेळकर्ते संतापले, आणि वर्षभरानं ते शुल्क मागे घ्यावं लागलं. शाळकरी मुलाला त्याची झळ लागली नसती, पण धडा घेण्याजोगा आहे. ॲडोबी कंपनीनं ‘फ्लॅश’ला मूठमाती दिली ती २०२० च्या अखेरीस. त्यात केलेले असंख्य खेळ नेहमीच्या ब्राउझरमधून दिसेनासे झाले. म्हणून आपल्या कामाची प्रत आपल्याकडे ठेवावी आणि जमलं तर खेळ चालू असतानाची छोटी चित्रफीतही काढून ठेवावी.

घरात केवळ मोबाइलच असेल तर? ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या तंत्रविद्यापीठातून ‘पॉकेट कोड’ नावाचं ॲप आलं. ते ‘स्क्रॅच’च्याच धर्तीवर, पण मोबाइलवरच खेळ बांधता यावा म्हणून केलेलं आहे. संगणक नाही म्हणून प्रकल्प सोडून देण्याआधी ते एकदा पाहावं.

आता माझ्या भाचीची हकिकत सांगतो, कारण साधनांच्या नावांपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

आमच्या भागात नळाला चार दिवसांनी पाणी येतं. ते सकाळी येतं, तासभर टिकतं, आणि ते भरायचं काम घरोघरी बहुधा मुलींवर येतं. पाण्याच्या दिवशी माझी भाची शाळेत उशिरा पोचते. हजेरी होऊन गेलेली असते, बोलणी बसतात. प्रकल्पाचा विषय होता ‘पाणी’. तिच्या चुलतभावानं, तो अभियांत्रिकीला आहे, मोठ्या उत्साहानं धरण, नदी, बोट असा त्रिमितीय खेळ सुचवला आणि एक मोठं इंजिन उतरवायला लावलं. घरचा संगणक जुना. चार दिवस तो नुसता गुरगुरत राहिला. पाचव्या दिवशी पोरगी म्हणाली, “मामू, मला बोट नकोच आहे. मी कधी बोटीत बसलेच नाही. मला आपला नळ दाखवायचाय.”

त्या वाक्यानं साधन ठरलं. ‘स्क्रॅच’ घेतलं. नळ वर, घागर खाली, बाणांच्या कळांनी घागर डावी-उजवीकडे सरकवायची आणि थेंब झेलायचे. पहिल्याच संध्याकाळी घागर हलली. ओबडधोबड होती, पण हलली, आणि हललेली पाहून तिच्या धाकट्या भावानं कळफलक ओढून घेतला. माझ्या मते साधनाची खरी परीक्षा हीच. पहिल्या दिवशी काहीतरी हललं पाहिजे. आठवडाभर नुसती तयारीच चालली, की मुलाचा जीव त्यातून उठतो.

दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. एक थेंब झेलला की एकदम दहा-बारा गुण वाढायला लागले. ‘नळ उदार झाला’ म्हणून घरात हशा पिकला. ती मात्र पडद्याकडे बघत बसली. अर्ध्या तासानं म्हणाली, “थेंब घागरीला लागून राहतो ना, तेवढा वेळ तो मोजतच राहतो. लागला की त्याला नाहीसा करायला हवा.” एक ठोकळा बदलला आणि हिशोब सुधारला. हे उत्तर तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या अर्ध्या तासाची किंमत मला संपूर्ण प्रकल्पाच्या गुणांपेक्षा मोठी वाटते.

मग तिनं माझ्या आईला, म्हणजे तिच्या नानीला, खेळायला बसवलं. आईला अक्षरओळख नाही. तिनं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, “पहिला पानी गदला रहता बेटी, छोड देना पडता.” खरंच तर आहे. नळाला आलेलं पहिलं पाणी गढूळ असतं, ते सोडून द्यावं लागतं. खेळात तो नियम आला. सुरुवातीचे थेंब मातकट, ते झेलले तर घागर रिकामी करून पुन्हा भरायची. ज्यानं कधी संगणकाला हात लावला नाही, त्याचं शहाणपण अशा लहान साधनात सहज सामावतं.

शेवटचा नियम तिनं एकटीनं घातला. कोपऱ्यात घड्याळ आलं. ठरावीक वेळ झाली की शाळेची घंटा वाजणार. शाळेतल्या घंटेचाच आवाज तिनं मोबाइलवर टिपून आणला होता. घंटा वाजताना तुम्ही नळावर असाल तर पडद्यावर उमटणार ‘उशीर झाला’. आणि घंटेआधी निघालात तर किती घागरी कमी पडल्या तो आकडा दिसणार. पाणी पुरेसं भरून वेळेवर शाळेत पोचणं या खेळात जमतच नाही. मी म्हटलं, “अगं, मग जिंकायचं कसं?” ती म्हणाली, “नाहीच जिंकता येत, मामू. तेच तर दाखवायचंय.”

श्रोतेहो, मी पस्तीस वर्षं कविता लिहितो आहे. पाण्यावर लिहिलं, मुलींच्या शाळेवर लिहिलं. पण ही कोंडी इतक्या थोडक्यात मांडणं मला साधलेलं नाही.

शिक्षकांनी वर्गात तो खेळ स्वतः खेळून पाहिला. तीन वेळा खेळले, तिन्ही वेळा घागर भरायच्या नादात घंटा चुकली. मग त्यांनी विचारलं, “वर्गात असं कोणाकोणाचं होतं?” अकरा मुलींनी हात वर केले. पाणी अजूनही चार दिवसांनीच येतं, ते एका खेळानं बदलत नसतं. पण पाण्याच्या दिवशी त्या वर्गाची हजेरी आता दुसऱ्या तासाला होते.

ज्या बोटीच्या खेळासाठी संगणक चार दिवस गुरगुरला, तो झाला असता तर कदाचित देखणा झाला असता. पण त्यात हे अकरा हात नसते.

शेवटी आजच्या काळातला एक मुद्दा. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळींत सांगितलं तर ती अख्खा खेळ लिहून देते. मुलांना ते ठाऊक आहे, आणि नुसतं ‘वापरू नका’ म्हणून भागणार नाही. तिला जरूर विचारावं, जसं थोरल्या भावाला विचारतो तसं. हे का अडलं, ही अट काय सांगते, दुसरा मार्ग आहे का. फक्त एक कसोटी ठेवावी. खेळातला प्रत्येक नियम मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. हा थेंब इथून का पडतो? घड्याळ इतकंच का? सांगता आलं तर खेळ त्याचा, मदत कोणाचीही असो. सांगता आलं नाही, तर विकत आणलेल्या पवनचक्कीत आणि त्यात काही फरक नाही.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे. तुमचं मूल हा प्रकल्प घेऊन घरी येईल, तेव्हा संगणक सुरू करण्याआधी एक कोरा कागद पुढे ठेवा. तुझ्या रोजच्या दिवसात काय अडतं, कशाची गंमत वाटते, कशाचा राग येतो, ते विचारा आणि तीन नियमांत लिहायला सांगा. मग ते तीन नियम ज्या सर्वांत लहान साधनात मावतील, ते साधन निवडा. मोठी साधनं कुठे पळून जात नाहीत. ती पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी आहेतच. नववीतल्या मुलीला जे आत्ता सांगायचं आहे, ते मात्र आत्ताच ऐकायला हवं.